एक जूनला जन्मलेली माणसं

ब्रिजिट गेल्याची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. शाखेत चहा आणून देणाऱ्या मावशींना माझ्या आधी कळली होती. साहेबांना तर सकाळी सातलाच फोन गेला होता. मी मात्र मनवेलपाड्याच्या माझ्या स्वयंपाकघरात डब्याच्या पोळ्या लाटत होते आणि नऊच्या सुमारास साहेबांचा फोन आला, "वंदना मॅडम, तुम्हाला कळलं असेलच..." काही कळलं नव्हतं. एकवीस वर्षं एका खोलीत टेबलाला टेबल लावून बसलो आम्ही, आणि तिच्या घरच्यांना मला फोन करायचं सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, आधी रडू आलं नाही. आधी पोटात दुखलं. म्हटलं, बघा, जातानासुद्धा बाई मला मागच्या रांगेत बसवून गेली. मग तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला, तेव्हा कुठे मी गॅस बंद करून खुर्चीवर बसले.

भुईगावच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं बाहेर आवारात, पार रस्त्यापर्यंत उभी. पाचूबंदरच्या मासेवाल्या बाजार अर्धा टाकून आलेल्या, गासचे दोन म्हातारे शेतकरी टोपी हातात धरून उभे, विरारचे रिक्षावाले, आणि कुठल्याशा भजनी मंडळाचे एक बुवा. मी मागच्या बाकाशी अंग चोरून उभी राहिले आणि मिस्सा चालू असताना, देव मला क्षमा करो, माणसं मोजत होते. माझ्या वेळेला कोण येईल? सोसायटीचे सेक्रेटरी, समोरच्या वहिनी आणि झालाच तर पाण्याचा टँकरवाला, तोही चुकून. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं. मैत्रीण पेटीत झोपलेली आणि मी तिच्या गर्दीवर जळत उभी. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

ब्रिजिट लोपीस कोण, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? आमची कंपनी लहान, गाड्यांसाठी कर्ज देणारी. वसईच्या शाखेत मी कागद बघायची आणि ब्रिजिट माणसं बघायची, कामाची वाटणीच तशी होती. अर्ज आला की ती दुचाकी काढून अर्जदाराच्या घरी जायची, ओटीवर बसायची, पाणी मागायची आणि शेजारणीला कर्जाबद्दल एक अक्षर न विचारता म्हणायची, "तुमच्याकडच्या लग्नाला गाडी कोन आनतो गो?" तेवढ्यात तिला काय ते समजायचं. परत येऊन माझ्या टेबलावर फाईल ठेवायची आणि सांगायची, "दुसऱ्याची गाडी जो पुसून ठेवतो ना वंदू, तो आपल्या गाडीचा हप्ता चुकवत नाही." मी सहा-सहा महिन्यांची बँकेची पानं डोळे फोडून तपासायची, माझा अंदाज चुकायचा. तिचा क्वचितच चुकला. लोक तिला ब्रिजिटबाय म्हणायचे, मला मॅडम. तिच्या टेबलावर उन्हात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी यायची, सोनचाफा यायचा, एकदा तर पिशवीभर सुके बोंबील आले आणि दिवसभर सगळी शाखा घमघमली. माझ्या टेबलावर झेरॉक्स यायच्या. ती सुकेळी अर्धी माझ्या डब्यात घालायची आणि मी ती खायची, वर "जरा जास्तच गोड आहेत" असं म्हणायची.

मग सिस्टिम आली. अर्ज भरून बटण दाबलं की दहा सेकंदांत पडद्यावर एक रंग. हिरवा म्हणजे मंजूर. लाल म्हणजे नामंजूर, त्यावर कुणी ब्र काढायचा नाही आणि सहा महिने पुन्हा अर्ज करायचा नाही. मधला पिवळा म्हणजे सिस्टिमला ठरवता येत नाही, माणसाने जाऊन बघावं आणि खालच्या चौकटीत शेरा लिहावा. त्यात बुद्धी वगैरे काही नव्हती हो, नुसते नियम. अमुक असेल तर तमुक, एवढंच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, आता ओट्या बंद, पाणी मागणं बंद, आता कागदाचं राज्य. पण झालं भलतंच. हिरवं आणि लाल मशीन ठरवू लागलं, म्हणजे माझंच काम गेलं. आणि जे काही पिवळं उरायचं ते सगळं ब्रिजिटकडे. मुख्य ऑफिसमधून फोन यायचे, "ब्रिजिट मॅडमचा शेरा आहे ना? मग काढा पुढे." मी एकदा मोठ्या हौसेने एका पिवळ्यावर पानभर शेरा लिहिला. तो परत आला, 'ब्रिजिट मॅडमना दाखवून घ्यावा' असं लिहून. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

नियम कायमचे नसत. वर्षातून एकदा मुख्य ऑफिसात बैठक व्हायची, प्रत्येक शाखेतून एकजण जायचा आणि नियमांत दुरुस्त्या सुचवायचा. तीन वर्षांपूर्वी माझी पाळी आली. मी नवीन साडी काढली. आदल्या दिवशी ब्रिजिट खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. "वंदू, एक काम कर. त्यांना सांग, आमच्याकडे एकाच नावाची चार-चार मानसं असतात. आनि सगळी एक जूनची."

एक जूनचं वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल. आमच्या पिढीला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी पोराकडे एकदा बघायचं, वय अंदाजे धरायचं आणि जन्मतारखेत एक जून लिहून मोकळं व्हायचं. शाळा जूनमध्ये सुरू, हिशेब सोपा. आमचं कोकणातलं गाव असो की इथलं भुईगाव, वर्गच्या वर्ग एक जूनला जन्मलेला. त्यात भुईगावात इनास परेरा चार. गावात त्यांना घराच्या नावाने ओळखतात... विहिरीवाले, चिंचेकडचे, मास्तरांचे, बंदरावरचे. पण अर्जात 'विहिरीवाले' लिहायला रकाना नाही. "म्हनून सांगते," ब्रिजिट म्हणाली, "नाव आनि तारीख कुना बुडव्याशी जुळली तर सिस्टिमला पिवळं करायला सांग. मी बघून येत जाईन कोन तो." 'मी बघून येत जाईन.' हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

बैठकीत नियम लिहिणारे गृहस्थ लॅपटॉप उघडून बसलेले. बरोबर तोच प्रश्न आला. नाव, जन्मतारीख आणि पिनकोड तिन्ही एखाद्या जुन्या बुडव्या कर्जदाराशी जुळली, तर रंग कोणता? जुन्या फायलींत पॅन नंबर नव्हताच, तेव्हा तेवढ्यावरच ठरवायचं होतं. गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, "वसईचा काय अनुभव?" माझ्या जिभेवर 'पिवळा' होता. अगदी टोकावर होता. आणि तेवढ्यात मला ती सुकेळी दिसली, तो परत आलेला शेरा दिसला, आणि दिसलं की पिवळा म्हणजे आणखी एक फाईल ब्रिजिटच्या टेबलावर. मी म्हटलं, "लाल करा." त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "इतकी वर्षं कागदच बघतेय मी." त्यांनी टाइप केलं. पुढ्यातला सामोसा खायला मला त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ब्रिजिटने विचारलं, "सांगितलंस?" "सांगितलं की," मी म्हटलं. तिने माझ्या डब्यात दोन घारगे ठेवले.

पुढच्याच मे महिन्यात विहिरीवाले इनास आले. चाळिशीचे, बोलायला लाजणारे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेल्या. एका शाळेने पोरांची ने-आण द्यायचं कबूल केलं होतं, जूनपासून, पण गाडी स्वतःची हवी होती. सात माणसांची गाडी त्यांनी बघून ठेवली होती, रंगसुद्धा ठरला होता. मी अर्ज भरला, बटण दाबलं. लाल. बंदरावरच्या इनास परेरांची गाडी दहा वर्षांपूर्वी हप्ते थकले म्हणून कंपनीने ओढून आणली होती. नाव तेच, गाव तेच, आणि वर्ग नि मास्तरही तेच असणार, कारण सालही तेच आणि तारीख एक जून. इनासना काही समजेना. "पन मी तर कधी लोन घेतलंच नाय मॅडम," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझी गाडीच नव्हती, तर ओढून नेतील कुठली?" लालच्या खाली शेऱ्याची चौकट नसते. मी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला, जणू काही दोष पडद्याचा.

ब्रिजिट उठून आली. वाकून पडदा वाचला. मग इनासच्या पाठीवर हात ठेवून जे बोलली, ते मला आजही जेवताना आठवतं. "इनास, वंदूनं सांगितलं होतं त्यांना. बजावून सांगितलं होतं. वरचे ऐकत नाहीत, ती तरी काय करनार?" आणि तो भला माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "थँक्यू मॅडम." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेव्हा बोलायला हवं होतं. नियम सुचवणाऱ्यानेच मेल केली तर तो बैठकीची वाट न बघता बदलायचा; तेव्हाच ती पाठवायला हवी होती, दहा मिनिटांचं काम. पण मेल पाठवायची म्हणजे 'लाल मी सांगितलं होतं' हे कबूल करायचं. मी गप्प बसले. शाळेची पोरं दुसऱ्या कुणाला मिळाली. इनास आणखी एक वर्ष दुसऱ्याची गाडी पुसत राहिले.

आता कुणालाही वाटेल, इथे ब्रिजिट हरली. मलाही तसंच वाटलं होतं, आणि थोडं बरंही वाटलं होतं, लपवत नाही. पण ती हरणारी थोडीच! पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर तिने फादरना गाठलं. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या उघडायला लावल्या. मास्तरांनी काहीही लिहिलेलं असो, चर्चच्या वहीत प्रत्येक पोराची खरी जन्मतारीख शाईने लिहिलेली. विहिरीवाले इनास निघाले नोव्हेंबरचे! मग तो दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आधार, पॅन... सहा-सात खेटे घालून तिने त्यांची तारीख सगळीकडे बदलून घेतली. पुन्हा अर्ज केला. नाव जुळलं, पिनकोड जुळला, तारीख जुळली नाही. हिरवा. गाडी आली तेव्हा तिच्यावर घातलेल्या हारातला एक झेंडू माझ्या टेबलावरही आला.

आणि मग रांग लागली. कर्ज नको असलेलेसुद्धा येऊ लागले. "बाय, माझी पन खरी तारीख बघ ना." पन्नास-पन्नास वर्षांची माणसं आपला वाढदिवस कळल्यावर लहान पोरासारखी हसायची. एक म्हातारी तर रडली, तिच्या आईनं 'तू ख्रिसमसच्या आठवड्यातली' म्हटलेलं खरंच निघालं म्हणून. ब्रिजिटने टेबलामागे चर्चचं कॅलेंडर टांगलं होतं, त्यात ती प्रत्येकाचं नाव घराच्या नावासकट लिहायची आणि पुढे एक टिकली रंगवायची. काम अडलेलं असेल तर लाल, कागद झाले की त्यावरच हिरवी. आणि त्या-त्या दिवशी सकाळी फोन, "विहिरीवाले इनास, हॅपी बर्थडे!" विचार करा माझ्या जिवाचं काय होत असेल. काट्यासारखा नियम मी पेरला आणि त्याला फुलं तिच्या दारात आली. गावभर तिनं वाढदिवस वाटले, आणि ते वाटायची वेळ माझ्यामुळे आली हे मला कुणाला सांगताही येईना. जळफळाट जळफळाट म्हणतात तो हाच.

यंदाच्या जानेवारीत तिने एकदम विचारलं, "वंदू, तुझी खरी कधी?" मी म्हटलं, आमच्याकडे कुठे चर्चची वही? आई एवढंच म्हणायची, हरतालिकेचा माझा उपास होता आणि तू आलीस, धड पाणीसुद्धा पिऊ दिलं नाहीस. विषय तिथे संपला असं मला वाटलं. आठवड्याने ही बया गासच्या एका जोशीकाकांकडून जुनं पंचांग बघून आली आणि कागदाचा कपटा माझ्यासमोर ठेवला. "ही घे. कन्या रास आहे तुझी, तरीच एवढी चिकित्सा." ती तारीख मी इथे लिहीत नाही. लिहिली तर शुभेच्छांचे फोन येतील आणि प्रत्येकजण विचारेल, ब्रिजिटबायनं काढून दिली ना? तेव्हा मी तिला म्हटलं, "उगाच कशाला एवढी धावपळ?" आणि बाथरूममध्ये जाऊन तो कपटा तीनदा वाचला.

मार्चपासून ती आजारी पडली. पोटाचं दुखणं, डॉक्टर स्पष्ट बोलेनात. मे महिन्याच्या शेवटी मी एका रविवारी भुईगावला गेले ते ठरवूनच, की आज सांगायचं. ओटीवर ती आरामखुर्चीत, अंगावर शाल, एवढीशी झालेली. केळीच्या बागेतून वारा येत होता. मी सुरुवात केली, "ब्रिजिट, त्या बैठकीत मी..." ती म्हणाली, "आधी चहा घे." चहा घेतला. पुन्हा सुरुवात केली, तर दारात गाडी उभी राहिली. विहिरीवाले इनास, तिला तपासणीला न्यायला आलेले. गाडी पुसून लख्ख. त्यांनी तिला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, मागे उशी ठेवली. तिने खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घाई काय आहे वंदू, लिहून ठेव." मला वाटलं, औषधांमुळे काहीतरी असंबद्ध बोलते आहे. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. ते आमचं शेवटचं बोलणं.

ती गेल्यावर तिचं टेबल आवरायचं काम साहेबांनी मला दिलं. खण रिकामे केले. स्टेपलर, जपमाळ, दुचाकीची जास्तीची किल्ली. मग कॅलेंडर काढायला गेले, तर त्याच्या मागे त्याच खिळ्याला एक घडी घातलेला कागद अडकवलेला. नियमांची छापील यादी, तीन वर्षांपूर्वीची. प्रत्येक नियमासमोर सुचवणाऱ्याचं नाव. 'नाव, तारीख, पिनकोड जुळल्यास लाल'च्या समोर छापलेलं, वंदना परब, वसई. त्याखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ. म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. इनासच्या पाठीवर हात ठेवून 'वंदूनं बजावून सांगितलं होतं' म्हणाली, तेव्हासुद्धा ठाऊक होतं! मी कॅलेंडर उलटलं. सप्टेंबरच्या पानावर, माझ्या तारखेच्या चौकटीत, लिहिलं होतं, 'वंदू, माझ्या शेजारची'. आणि पुढे टिकली. सगळ्या कॅलेंडरात लाल आणि हिरव्या टिकल्या, पिवळी एकच. माझी.

मी तशीच तिच्या खुर्चीत बसून राहिले. राग आला, खरंच सांगते. हिरवी का नाही दिलीस गं बये? इतकी मोठ्या मनाची ना तू? अख्ख्या गावाला हिरवी, आणि माझ्या वाट्याला पिवळी? आणि मग हळूहळू डोक्यात शिरलं, की लाल टिकली माझ्या हक्काची होती. तीही तिने दिली नव्हती.

त्याच दुपारी मी मेल पाठवली. लालचा पिवळा करावा, लाल करण्याची सूचना माझी होती आणि ती चुकीची होती, ब्रिजिट लोपीस यांनी पिवळ्याबद्दल आधीच सांगितलं होतं आणि मी ते बैठकीत मांडलं नाही. उत्तर आलं, 'नोंद घेतली.' दोन आठवड्यांनी नियम बदलला. आता पिवळे अर्ज माझ्याकडे येतात. मागच्या बुधवारी पहिला आला, भुईगावचाच. मला दुचाकी येत नाही, मी रिक्षाने गेले. ओटीवर बसले, पाणी मागितलं. शेजारणीला लग्नातल्या गाडीचं विचारताना माझी जीभ इतकी अडखळली की ती हसली. घरातली म्हातारी मला निरखून बघत होती. "तू ब्रिजिटबायची कोन?" तिने विचारलं. बघा, अजूनही माझी ओळख तिच्यावरूनच. पुन्हा पोटात तेच दुखलं... आणि मी म्हटलं, "शेजारची."

कॅलेंडर आता माझ्या टेबलामागे आहे. सकाळी चौकट बघून मी फोन करते. "चिंचेकडच्या मार्था, हॅपी बर्थडे." पलीकडून, "ब्रिजिटबायनं सांगून ठेवलंय काय गो?" हो म्हणते, काय करू. तिचं हिरवं स्केचपेन खणात आहे. सप्टेंबरचं पान उघडून दोनदा टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. पिवळी ती पिवळीच राहू दे. पिवळ्याखाली शेरा लिहायचा असतो, आणि लिहून ठेव म्हणाली होती ती. पण कॅलेंडरची चौकट एवढीशी, त्यात मावेना, म्हणून इथे लिहिला. विहिरीवाल्यांकडे रविवारी पेपरची ही पुरवणी येते हे मला ठाऊक आहे, त्यांची बायको ती ओटीवर बसून मोठ्याने वाचून दाखवते. इनास, वरच्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. लाल मीच म्हटलं होतं.